डालगे, खुराडे आणि आमची फुई

मी राहतो ते धुळे गाव इतिहासाच्या बाबतीत मोठे मानाचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ सालच्या डिसेंबरात येथेच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ जुनी दप्तरे, पोथ्या व शिलालेख यांचा सांभाळ करीत आले आहे. अशा गावी राहून इतिहास लिहावयाचा तर तो सनदांचा, वंशावळींचा किंवा लळिंगच्या किल्ल्याचा असावा, अशी वाचकांची अपेक्षा गैर नाही. मी मात्र आज कोंबड्यांच्या खुराड्याचा इतिहास सांगणार आहे. राजवाड्यांच्या गावात हा अपराध थोडा नव्हे. पण तो माझ्याकडून आमच्या फुईने करविला आहे.

फुई म्हणजे आत्या. आमच्या अहिराणीत आत्याला फुई म्हणतात. तिचे सासर चोपड्याकडे, तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिच्या मागे शेत नाही, मुले सुरतेत, म्हणून दीड वर्षापूर्वी मी तिला धुळ्याला आमच्या घरी आणले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्याने बरे दिसू लागले. महिनाभर ती परसदारात नुसती बसून राहिली. एके दिवशी शाळेतून येऊन मी चहा घेत होतो, तोच ती म्हणाली, “बापू, चार कोंबड्या पाळू.”

माझ्या हातातली बशी हिंदकळली. आमच्या घरी कोंबड्यांचे वावडे नाही. पण फुईच्या तोंडून अठरा वर्षांत ‘कोंबडी’ हा शब्द मी ऐकलेला नव्हता. त्याचे कारण मला ठाऊक होते. त्या कारणात माझाही हात होता. ते पुढे यथाक्रम येईलच.

दुसऱ्याच दिवशी मी पाचकंदिलाच्या बाजारात गेलो. घर भाड्याचे, परसदार मालकाचे. तेव्हा खुराडे उचलून नेता येण्याजोगे हवे, एवढे मनाशी धरले होते. तसे एक तयार मिळाले. लाकडी चौकट, चहूबाजूंनी षट्‌कोनी भोकांची कोंबडजाळी, वर पत्रा, तळाला प्लायवुड, दोन बाजूंना उचलायच्या मुठी आणि पुढे एक सुबक दार. निळा रंगही दिलेला. रिक्षात घालून मोठ्या ऐटीत घरी आणले. मुलीने टाळ्या वाजविल्या. सौभाग्यवतीने किंमत विचारली व गप्प बसली.

फुई उठली. तिने खुराड्याला एक फेरी घातली. जाळीत दोन बोटे घालून ती फाकवून पाहिली, तळाच्या फळीवर चापटी मारली, दाराची कडी करंगळीने उघडली, आणि म्हणाली, “हाई घर शे का पिंजरा?”

“फुई, चांगली मजबूत जाळी आहे,” मी म्हणालो.

“मुंगूसले दार लागत नही, बापू,” ती म्हणाली.

या एका वाक्यात खुराड्याचा सारा इतिहास आहे, हे मला तेव्हा कळले नाही. पुढे सुटीत वाचनालयात बसून जे वाचले, आणि फुईच्या हाताखाली हातोडी धरून जे शिकलो, ते आता वाचकांपुढे मांडतो.

मुळात कोंबडी ही झाडावर झोपणारी पाखरू. तिचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा. तो आग्नेय आशियाच्या जंगलातला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे निश्चित पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे थायलंडातील बान नॉन वात या ठिकाणी सापडली, आणि त्यांचा काळ इ. स. पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानचा ठरतो. संशोधकांचे म्हणणे असे, की माणसाने रान तोडून भात व बाजरीसारखी धान्ये पेरावयास आरंभ केला, तेव्हा त्या दाण्यांच्या लोभाने रानकोंबडा आपण होऊन वस्तीकडे आला. म्हणजे माणसाने कोंबडीला धरून आणले नाही. ती पाहुणी म्हणून आली आणि राहिली. आपल्या देशाचाही यात थोडा वाटा आहे. आपल्याकडील रानांत जो करडा रानकोंबडा आढळतो, त्याच्याकडून पाळीव कोंबडीने पिवळ्या कातडीचा गुण घेतला, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. बाजारात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिच्या मातुल घराण्यात आपला करडा कोंबडा कोठे तरी आहे, असे समजावे.

पाहुणी आली खरी. पण तिचे झाड मागे राहिले. सातपुड्यातील पाड्यांवर आजही कोंबड्या संध्याकाळी अंगणातल्या झाडावर चढून बसतात. जेथे झाड नाही तेथे माणसाला झाडाची जागा भरून काढावी लागली. खुराडे म्हणजे माणसाने बांधलेले झाड. त्याच्या आत एक आडवी काठी लागते ती याचसाठी. फांदी पायांच्या मुठीत आल्याशिवाय कोंबडीला निवांत झोप लागत नाही.

आमच्याकडचे सर्वांत जुने फिरते खुराडे म्हणजे डालगे. बुरुडाने बांबूच्या कामट्या विणून केलेली ही मोठी टोपली. दिवस मावळला की कोंबड्यांवर पालथी घालावयाची आणि वर दगड ठेवावयाचा. सकाळी उचलली की झाले. बाजाराच्या दिवशी तीच सुलटी करून तोंडाला जुनेर बांधले की प्रवासाची पेटी. नवापूर-नंदुरबारकडची आदिवासी कुटुंबे उसाच्या तोडणीला मुलाबाळांसह गुजरातेत किंवा दक्षिणेकडे निघतात, तेव्हा भांडीकुंडी, अंथरूण आणि दोन-चार कोंबड्या बरोबर असतात. फडाच्या कडेला पाल पडते, त्याच्या शेजारी टोपली पालथी पडते, आणि परक्या मुलखात पहाटे आपल्याच घरचे कोंबडे आरवते. ज्याला ‘सुवाह्य खुराडे’ असे भारदस्त नाव आज द्यावे लागते, ते या लोकांनी कधीचे खांद्यावर वाहिले आहे.

डालग्याहून पक्के ते खुराडे. आमच्या खानदेशात कापूस उदंड. म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट. त्यांचा कूड विणावयाचा, वरून शेणमातीचा गिलावा द्यावयाचा, भिंतीच्या आधाराने हातभर उंचीवर बसवावयाचे आणि दाराला फळी लावावयाची. फुईचे खुराडे असेच होते. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. खर्च शून्य. उचलता मात्र येत नसे.

फिरत्या खुराड्याचा मान आमच्याकडेच होता असे नाही. प्राचीन रोमन लोक लढाईला निघताना पिंजऱ्यात घालून पवित्र कोंबड्या बरोबर नेत. दाणे टाकल्यावर त्या अधाशासारख्या तुटून पडल्या तर शकुन चांगला. खाल्ले नाही तर वाईट. इ. स. पू. २४९ मध्ये सिसिलीतील द्रेपाना येथे कार्थेजच्या आरमाराशी लढाई व्हावयाची होती. कोंबड्या दाण्याला चोच लावीनात. सेनापती पुब्लियस क्लॉडियस पुल्चर संतापला आणि खायचे नसेल तर पाणी प्या म्हणून त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या, अशी कथा आहे. तो ती लढाई हरला. शकुनावर माझा विश्वास नाही. पण ज्या कोंबड्या बोटीवर डुलत आल्या आहेत, त्यांची अन्नावरची वासना गेली तर नवल ते काय, एवढा विचार त्या सेनापतीच्या मनात यावयास हवा होता. खुराड्यातल्या जिवाची तब्येत ओळखणे हे पुष्कळदा सेनापतीपेक्षा फुईला अधिक जमते.

आता जाळीकडे येऊ. मी विकत आणलेली षट्‌कोनी जाळी ही इंग्लंडातील नॉर्विच गावच्या चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडसामानाच्या व्यापाऱ्याची करामत. १८४४ साली त्याने कापड विणावयाच्या मागावरून कल्पना घेऊन तार विणण्याचे यंत्र तयार केले. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या मला ही गोष्ट वाचून मौज वाटली. मागाने आमच्या अंगावर कापड घातले तसे कोंबडीच्या भोवती तारेचे कापड घातले. परंतु कापड ते कापडच. ही जाळी कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवीत नाही. तिची तार बारीक, कुत्र्याच्या दाताने तुटते. भोके मोठी, लहान सापाला मोकळी वाट. आणि ओढली तर ढिली पडून मुंगसाच्या डोक्याएवढी फट सहज होते. डोके गेले की मुंगूस गेले. मांजर तर बाहेरून पंजा घालून आतल्या कोंबडीला ओढते. माझे निळे खुराडे पाहून फुईने जो प्रश्न विचारला तो असा साधार होता.

मग आमचे बांधकाम सुरू झाले. फुई खाटेवर, मी जमिनीवर. मी शाळेत ज्यांना चुका काढून दाखवतो ती मुले त्या वेळी कुंपणावर बसून माझ्या चुका मोजीत होती.

पहिले काम जाळीचे. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, सांधे डाकलेली जाड जाळी आणून ती जुन्या जाळीवर बाहेरून ठोकली. नुसत्या खिळ्यांची डोकी वाकवून भागत नाही. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे खिळे चार-चार बोटांवर मारावे लागतात, आणि जाळीची कड लाकडी पट्टीखाली दाबावी लागते. शत्रू मधून येत नाही, कडेने येतो.

दुसरे काम तळाचे. प्लायवुड एका पावसाळ्यात फुगते. ते काढून सागाच्या जुन्या पट्ट्या अंतराअंतराने ठोकल्या आणि खालून जाळी लावली. विष्ठा खाली पडते, वर कोरडे राहते. पायांना वीतभर उंची दिली. प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवला म्हणजे मुंग्या चढत नाहीत. उकरून आत येणाऱ्यासाठी चहूबाजूंनी जमिनीवर फूटभर रुंदीची जाळी पसरून वर दगड ठेवले. मुंगूस भिंतीच्या बुडाशी उकरते. तेथे जाळी लागली की ते मागे सरून उकरावे असे त्याला सुचत नाही. ही पसरलेली जाळी आकड्यांनी अडकवली आहे, म्हणजे खुराडे हलवताना सोडता येते. खुराडे दर आठ दिवसांनी दोन हात सरकवावे, हा फुईचा दंडक. एकाच जागी राहिले की माती रोगट होते. उचलते खुराडे घ्यावयाचे ते यासाठी. नुसते घरमालकासाठी नव्हे.

तिसरे काम दाराचे. करंगळीने उघडणारी कडी काढून कडी-कोयंडा बसविला आणि त्यात तारेचा आकडा. फुई म्हणाली, खुराड्याच्या दाराला हात दोन लागले पाहिजेत. एका हाताने उघडते ते दार पंजानेही उघडते.

चौथे काम छपराचे, आणि खानदेशात हे सर्वांत मोठे. आमच्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढतो. कोंबडीचे अंग मुळातच सुमारे एक्केचाळीस अंशांचे, आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे एवढाच तिचा पंखा. पत्र्याखाली ती भाजून निघते. पत्र्यावर आम्ही दोन बोटांची पोकळी सोडून तुराट्यांचा ताटवा बांधला, वर गोणपाट, आणि दुपारी त्यावर पाण्याचा हबका. वारा खेळण्यासाठी वरची वीतभर पट्टी उघडी ठेवली. ती बसायच्या काठीच्या वर, म्हणजे थंडीचा झोत थेट अंगावर येत नाही. चार कोंबड्यांना तीन फूट लांब व दोन फूट रुंद जागा रात्रीपुरती पुरते. काठीवर प्रत्येकीला वीतभर. कोपऱ्यात राखेची पाटी. त्यात लोळून त्या पिसवा झाडतात.

हे सारे झाले तेव्हा खुराडे दुप्पट जड झाले होते. दोघांनी उचलावे लागे. मी कुरकुरलो. फुई म्हणाली, हलके ते चोरालाही हलके.

आता जे सांगावयाचे ते मी इतका वेळ पुढे ढकलीत आलो आहे. खुराड्याचे शत्रू तीन. एक दातानखांचा, दुसरा उन्हापावसाचा. या दोघांवर हातोडी चालते. तिसरा डोळ्यांना दिसत नाही. जुन्या काळी तो मानमोडीच्या रूपाने येई. कोंबड्या मान पिरगळून पटापट मरत, अख्खे गाव दोन दिवसांत रिकामे होई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हिमालयातील राणीखेत येथे या रोगाची साथ आढळली, म्हणून आपल्या देशात त्याला राणीखेत हेच नाव पडले. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्याची लस तयार झाली आणि मानमोडीला आवर बसला. लशीने धीर आला, तशी माणसाला हाव सुटली. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या आल्या. परसातली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देई. ही तीनशेच्या घरात. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि कुक्कुटपालन हा परसातून उठून कारखानदारीत गेला. आमच्या पश्चिम खानदेशच्या टोकाला, महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर नवापूर आहे. तेथील रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. पूर्वी धुळे जिल्ह्यातले हे गाव १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेले. तेथे लांबच लांब छपरांखाली पिंजऱ्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, आणि अंड्यांच्या गाड्या सुरतेकडे धावू लागल्या. फुईच्या डालग्याखाली दहा कोंबड्या. येथे एका छपराखाली हजारो.

इकडे चीनमध्ये १९९६ साली हंसांत एक नवा विषाणू सापडला होता. १९९७ मध्ये तो हाँगकाँगला प्रकटला. अठरा माणसे आजारी झाली, सहा दगावली, आणि तेथील सरकारने शहरातील दहा लाखांवर कोंबड्या मारून टाकल्या. रानपाखरांच्या व कोंबड्यांच्या व्यापाराच्या वाटेने तो देशोदेशी फिरत राहिला. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा आला, की नवापूरच्या कोंबड्या याच रोगाने मेल्या. हिंदुस्थानात बर्ड फ्लूची ही पहिली नोंद. नवापूरच्या आसपास काही लाख कोंबड्या मारून चुन्याच्या खड्ड्यांत पुरल्या गेल्या. देशभर कोंबडीला कोणी हात लावीना. सत्तर अंशांवर शिजवले की विषाणू मरतो, हे पटविण्यासाठी पुढारी चारचौघांत कोंबडी खाऊन दाखवू लागले.

नवापूर आमच्यापासून लांब, असे आम्ही म्हणत होतो. मार्चच्या मध्यास बातमी आली, की रोग जळगाव जिल्ह्यात पोहोचला. हातेड, मारूळ, सावदा ही नावे वर्तमानपत्रात आली. येथे मोठी छपरे नव्हती. या परसातल्या कोंबड्या होत्या. पुढे महिनाअखेर शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूरलाही तो आढळला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, फुईच्याच गावी नुकता मास्तर झालेला. आखलेल्या परिघात आमचे गाव आले. सरकारी पथक यावयाच्या आदल्या दिवशी आम्हा मास्तरांना घरोघर जाऊन लोकांना समजावून सांगावयास सांगितले. मी सांगितले. पुस्तकात वाचल्यासारखे सांगितले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या अंगरख्यांतली, तोंडे बांधलेली माणसे आली. आमच्या गावात पांढरे कपडे लग्नाला आणि मरणाला घालतात. लहान मुले दारे लावून बसली. गोण्या भरू लागल्या.

संध्याकाळी मी फुईकडे गेलो. खुराडे उघडे, रिकामे. तिने अकरा कोंबड्या आणि दोन कोंबडे मोजून दिले होते. ती चुलीपुढे बसली होती. मीही बसलो. बोलावयास काही नव्हते. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक घोगरा, दबका आवाज आला. अंड्यांवर बसलेली कोंबडी जसा करते तसा.

मी फुईकडे पाहिले. तिने नजर चुकविली नाही. काळी कोंबडी तेरा अंड्यांवर खुडूक बसली होती. तिला डालग्याखाली झाकून वर गोधडी टाकली होती.

“बापू, तू शिकेल शेस,” ती म्हणाली. “तूच सांग. ठेवू का देऊ?”

वाचकहो, मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या पात्रांच्या तोंडी अशा वेळी मी मोठी वाक्ये घातली आहेत. त्या वेळी माझ्या तोंडून काही निघेना. कोंबडी धडधाकट दिसत होती. ती रोगी होती का? मला ठाऊक नव्हते, आजही नाही. पण शेजारच्या घरात पाळण्यातले मूल होते, आणि एक कोंबडी उरली तर सारे पुन्हा आरंभापासून होण्याचा संभव होता. मी म्हणालो, “फुई, द्यावी लागेल.”

मी उठून डालगे उचलावे, असे तिला वाटले असेल. मी उठलो नाही. तिनेच गोधडी काढली, घडी केली, डालगे उचलले. कोंबडी बाजूला झाली तेव्हा अंडी अजून ऊन होती. ती अंडीही गेली. सरकारी दराने भरपाई मिळाली. फुईने पैसे मोजले नाहीत.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की कोंबड्याला पहाट बाहेरून कळत नाही. ती त्याच्या अंगातच असते. उजेड न बदलणाऱ्या खोलीतही तो आपल्या वेळेला आरवतो. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडे ठाऊक असते, असा याचा अर्थ. पण दुसऱ्या दिवशी आमच्या गावात एकही कोंबडे न आरवता उजाडले. मी जागाच होतो. इतकी मुकी पहाट मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.

त्या वर्षी देशात एकाही माणसाला हा रोग जडल्याचे सिद्ध झाले नाही. माणसाच्या मृत्यूची पहिली नोंद हरियाणातील एका मुलाची, ती २०२१ सालची. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा २००६ मध्ये जे केले ते करणे भाग होते, असे माझी बुद्धी सांगते. फुई माझ्याशी बोलत राहिली, दिवाळीला ओवाळीत राहिली. पण कोंबडीचे नाव तिने पुन्हा काढले नाही. पऱ्हाट्यांचे ते खुराडे एका पावसाळ्यात पडले.

म्हणून खुराडे पक्के झाल्यावर मी भीत भीत तिला विचारले, “फुई, जाळीतून न दिसणारे काही आले तर?”

तिने विचार केला होता. तेवढ्यासाठी जाळीची भिंत नाही, आपल्या वागण्याची भिंत लागते. दाणापाणी छपराखाली ठेवावे, म्हणजे रानपाखरे त्यात तोंड घालीत नाहीत. नदीचे पाणी पाजू नये. बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस निराळ्या डालग्याखाली ठेवावी. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या, आणि बाहेर आल्यावर हात साबणाने धुवावे. लस चुकवू नये. आणि एकाएकी दोन-तीन मेल्या तर गुपचूप पुरून टाकू नये, पशुवैद्याला सांगावे. यातले पुष्कळसे पशुवैद्य सांगतात तेच. पण शेवटचे सांगताना ती थांबली.

“तू खरं सांगं व्हतं, बापू,” ती म्हणाली. “पन माले राग उना व्हता.”

मी हातातला आकडा उगीच वाकवीत राहिलो. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, की राग कोंबडीचा नव्हता. डालगे तिला एकटीला उचलावे लागले, त्याचा होता.

एवढे ऐकण्यासाठी अठरा वर्षे लागली, आणि एक जड खुराडे.

आता आमच्या परसात चार गिरिराज कोंबड्या आहेत. दर रविवारी खुराडे दोन हात सरकवावयाचे असते. आकडे सोडावयाचे, दगड बाजूला करावयाचे, मग एका मुठीला मी आणि दुसऱ्या मुठीला मुलगी. फुईला डॉक्टरांनी ओझे उचलावयास मना केले आहे. तरी ती खाटेवरून उठते आणि मधल्या पट्टीला हात लावते. तिच्या हाताने वजन काही कमी होत नाही. पण मी तिला नको म्हणत नाही.